बौद्ध आणि नवबौद्ध : सामाजिक न्याय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय कागदपत्रांतील ‘नवबौद्ध’ हा शब्द

महोदय,

मी नागपुरात वकिली करतो. जातीचे दाखले, पडताळणी समितीपुढची प्रकरणे, तिथे दावा फेटाळला गेला की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातली रिट याचिका, हे माझे रोजचे काम. आपल्या विभागाच्या बहुतेक योजनांच्या कागदांवर दोन शब्द जोडीने येतात : ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’. रमाई आवास योजना घ्या, स्वाधार घ्या, मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा घ्या, दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण योजना घ्या. गावात लोक जिला अजूनही दलित वस्ती सुधार म्हणतात, तिच्या कागदावरच्या नावातही ‘नवबौद्ध घटक’ आहेतच. हे पत्र या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाबद्दल आहे : नवबौद्ध, म्हणजे १९५६ पासून धर्म बदलून बौद्ध झालेले अनुसूचित जातींतले लोक. शासनाने तो आता वापरातून काढावा अशी माझी मागणी आहे. मात्र काढताना एक काळजी घ्यावी लागेल. ती न घेता नुसता शब्द खोडला तर ज्यांच्या सन्मानासाठी खोडायचा, त्यांच्याच मुलांचे प्रवेश अडकतील.

आधी हा शब्द कागदावर काय करतो ते सांगतो.

पडताळणीच्या फायलीत तीन पिढ्यांचे कागद एकाखाली एक लावलेले असतात. सगळ्यात जुना कागद आजोबांचा किंवा पणजोबांचा. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल, नाहीतर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा असेल तर उत्तम, कारण अनुसूचित जातीच्या दाव्याला तीच तारीख पाहिली जाते. शाई फिकट झालेली असते, पण अक्षर वाचता येते : महार. त्याखाली वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. धर्म ‘हिंदू’, जात ‘नवबौद्ध’. त्याखाली मुलीची टीसी. धर्म ‘बौद्ध’, आणि जातीच्या रकान्यात पुन्हा ‘बौद्ध’.

मधल्या कागदाकडे नीट पाहा. धर्म हिंदू आणि जात नवबौद्ध. या दोन्ही गोष्टी एका माणसाबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. पोराचे नाव घालायला गेलेल्या बापाला कुणी धड विचारलेले नसते. शाळेतल्या बाबूने दोन रकाने पाहिले, त्याच्या कानावर पडलेला शासकीय शब्द एका रकान्यात बसवला आणि उरलेल्या रकान्यात सवयीने ‘हिंदू’ लिहून टाकले. पुढे नात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते तेव्हा हाच दाखला त्रुटी म्हणून समोर येतो. मग दक्षता पथकाची चौकशी, मग प्रतिज्ञापत्रे, मग तारखा. तोवर प्रवेशाची मुदत निघून जायला आलेली असते. माझ्या एका पक्षकाराने मला विचारले होते, “काऊन जी वकीलसाहेब, आमची पोट्टी नवी कशी? दीक्षा माह्या बापानं घेतली. मी तं बौद्धच जलमलो.”

कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर आहे, पण ते समजायला थोडे मागे जावे लागते.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. त्या दिवशी नागपुरात कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. आपले नागपूर तेव्हा अजून जुन्या मध्य प्रदेशात होते. मुंबई राज्यात आले ते पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. १९५१ च्या जनगणनेत सबंध देशात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार. १९६१ च्या जनगणनेत ते साडेबत्तीस लाख झाले. एवढ्या लोकांनी दहा वर्षांत जनगणनेच्या कागदावर आपला धर्म बदलून लिहिला, आणि लिहिला तो ‘बौद्ध’ असाच.

पण दिल्लीतला कागद वेगळे सांगत होता. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली, म्हणजे दीक्षेच्या त्याच वर्षी, संसदेने त्यात शीख धर्माची भर घातली. बौद्ध मात्र बाहेरच राहिले. दीक्षाभूमीवरून जो माणूस बौद्ध होऊन घरी परतला, तो केंद्राच्या दृष्टीने त्याच क्षणी अनुसूचित जातीतून बाहेर पडला. त्याची वस्ती तीच, विहीर तीच, गावाची वागणूक तीच.

या अटीचा अर्थ काय होतो हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या प्रकरणात सांगितले. १९६२ च्या निवडणुकीत राखीव जागेवर निवडून आलेले आमदार मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता, म्हणून त्यांची निवड आव्हानाखाली आली. मेश्राम यांच्या बाजूने एक मुद्दा असा होता की संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरलेले आहेत. न्यायालयाने तो मान्य केला नाही. ते स्पष्टीकरण हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याच्या एका उपखंडापुरते आहे. अनुसूचित जातीच्या आदेशातला ‘हिंदू’ हा त्याच्या नेहमीच्या, धार्मिक अर्थानेच वाचायचा, असे न्यायालय म्हणाले. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, हेही याच निवाड्यात आले. मेश्राम उघडपणे बौद्ध होते, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नव्हते.

हा निवाडा मला कठोर वाटतो. पण त्यातला एक धडा आपल्या विभागाच्या कामाचा आहे. कायदा जेव्हा धर्माचा एखादा शब्द उसना घेऊन त्याचा अर्थ रुंद किंवा अरुंद करतो, तेव्हा तो कुठपर्यंत आणि कशासाठी हे तिथल्या तिथे सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांना लागू आहे. तो लागू असल्याने कुणी बौद्ध हिंदू होत नाही. कायद्याने आपली व्याप्ती सांगितली आणि तो थांबला. ‘नवबौद्ध’ला अशी हद्द कुणी घालून दिलेली नाही. म्हणून तो शब्द योजनेच्या नावातून शाळेच्या रजिस्टरमध्ये गेला, रजिस्टरमधून धर्माच्या रकान्यात, आणि तिथून लोकांच्या तोंडी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हा शब्द प्रशासनात आला तेव्हा त्याने उपकारच केले. केंद्राने दार बंद केलेले असताना महाराष्ट्राने आपल्या अधिकारात धर्मांतरित बौद्धांना सवलती चालू ठेवल्या. त्यासाठी कागदावर वेगळी ओळख हवी होती, कारण ‘अनुसूचित जाती’ म्हणायची सोय केंद्राच्या आदेशाने ठेवली नव्हती. त्या काळात फी माफी आणि वसतिगृहाच्या जोरावर शिकलेली एक पिढीच्या पिढी आज निवृत्त झाली आहे. तिच्या दाखल्यांवर ‘नवबौद्ध’ आहे आणि त्या दाखल्यांची किंमत मला कमी करायची नाही.

पण ती गरज १९९० साली संपली. त्या वर्षी संसदेने १९५० च्या आदेशात दुरुस्ती केली आणि तिसऱ्या परिच्छेदात हिंदू आणि शीख यांच्या जोडीला ‘बौद्ध’ हा शब्द घातला. माझ्या मते या दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोक वाचतच नाहीत. विधेयकासोबत उद्देश आणि कारणांचे निवेदन जोडलेले असते. त्या निवेदनात नवबौद्ध हाच शब्द आहे : बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये धर्मांतर केलेले लोक, धर्म बदलल्याने ज्यांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती बदलली नाही असे लोक, असा त्याचा आशय. म्हणजे शब्द विधेयक मांडणाऱ्यांच्या समोर होता. तरीही प्रत्यक्ष कायद्याच्या मजकुरात त्यांनी घातला तो ‘बौद्ध’. आदेशात बसला तोही ‘बौद्ध’. संविधानात नवबौद्ध कुठेही नाही. संसदेने जो शब्द हाताशी असून कायद्यात घातला नाही, तो आपण आजही शासन निर्णयात का लिहितो?

शिखांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. १९५६ पासून अनुसूचित जातीतले शीख त्याच तिसऱ्या परिच्छेदात आहेत. त्यांच्या पूर्वजांनीही कधीतरी धर्म स्वीकारलाच होता. त्यांना कुणी नवशीख म्हटले नाही, ‘अनुसूचित जाती व नवशीख’ अशी योजना कुठे निघाली नाही. आणि आपल्याच मंत्रालयात दोन दारे पलीकडे काय चालते तेही पाहा. अल्पसंख्याक समुदायांच्या १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, पारशी यांच्याबरोबर बौद्ध आहेत. त्यामुळे अल्पसंख्याक विकास विभागाच्या अर्जात माझ्या पक्षकाराची मुलगी बौद्ध असते आणि आपल्या विभागाच्या अर्जात तीच मुलगी नवबौद्ध. एक राज्य सरकार, एक मुलगी, दोन धर्म.

आता धर्माच्या बाजूने. बौद्ध कोण, याचे उत्तर विहारात अगदी सोपे आहे. जो त्रिशरण आणि पंचशील घेतो तो उपासक, ती उपासिका. इंदोऱ्याच्या विहारात वंदनेला बसलेल्या आजीला आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या पाहुण्याला भन्ते एकाच गाथा देतात. आजीसाठी वेगळे शरण नाही. धर्मात प्रवेश केलेल्या माणसाला कायमचे ‘नवीन’ म्हणून बाजूला बसवण्याची सोय धम्मात नाही. त्याच्या नातवाला तसे बसवण्याची तर नाहीच.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की खुद्द बाबासाहेबांनीच ‘नव’ शब्द वापरला. खरे आहे. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, इथेच सीताबर्डीवर श्याम हॉटेलात पत्रकारांशी बोलताना त्यांनी आपल्या बौद्ध धम्माला एक प्रकारचे नवयान म्हटले होते. पण यान म्हणजे मार्ग, धम्माकडे पाहण्याची रीत. हीनयान आणि महायान यांच्या जुन्या वादात आपल्याला पडायचे नाही, धम्म मुळातून घ्यायचा आहे, हा त्याचा रोख होता. महायानी माणसाला कुणी ‘महाबौद्ध’ म्हणत नाही. तो बौद्धच असतो. नवयान हे तत्त्वाचे नाव आहे, नवबौद्ध हे माणसावर लावलेले लेबल. बावीस प्रतिज्ञांमध्येही आपला नवा जन्म होत आहे अशी प्रतिज्ञा आहे, हे मला माहीत आहे. ती त्या दिवशी घेणाऱ्याने स्वतःबद्दल घेतलेली आहे. ज्याने हात जोडून ती म्हटली त्याला तो नवेपणा अभिमानाने मिरवण्याचा पूर्ण हक्क आहे. तहसीलमधल्या संगणकाने तो त्याच्या पणतीवर छापणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि माझ्या काळजीचे मूळ तिथे आहे. नुसते ‘बौद्ध’ लिहिले तर सवलत कुणाला हे कसे कळणार? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ते बौद्ध आहेत आणि अनुसूचित जातीचे नाहीत. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने म्हटले की बौद्ध हा तर धर्म, ही काही जात नव्हे, सबब दावा नामंजूर, तर तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचे बोलत नसेल. असे शेरे मी फायलींवर पाहिलेले आहेत.

म्हणून दोन्ही शब्दांचे काम वेगळे करून सांगितले पाहिजे. ‘बौद्ध’ हे धर्माचे नाव आहे. त्यावर कुणाला आरक्षण मिळत नाही. आरक्षण मिळते ते संविधानाच्या अनुच्छेद ३४१ खालच्या यादीतल्या जातीला, जिच्या वाट्याला अस्पृश्यता आली त्या जातीला. महाराष्ट्राच्या यादीत अशा ५९ जाती आहेत. यादीतल्या जातीत जन्मलेला माणूस बौद्ध असला तरी त्याचा हक्क जात नाही, एवढेच १९९० चा कायदा सांगतो. आपल्या सध्याच्या शब्दाने या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या. परिणामी गावात ‘नवबौद्ध’ म्हटले की ऐकणाऱ्याला धर्म ऐकू येत नाही, जात ऐकू येते. ज्यांनी जात मागे टाकण्यासाठी धर्म बदलला, त्यांच्या धर्माच्याच नावाचे शासनाने जातीच्या नावात रूपांतर केले. या शब्दाविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

मग जातीच्या रकान्यात काय लिहायचे? आमच्याकडे अनेक घरांत यावरून भांडणे होतात. ‘जात सोडली म्हणून तर दीक्षा घेतली, आता पुन्हा महार लिहू काय?’ हा प्रश्न मी आई-बापांच्या तोंडून ऐकतो तेव्हा मला त्यांना कायदा सांगायला जड जाते. तरी सांगतो. धर्माच्या रकान्यात बिनदिक्कत बौद्ध लिहा, कारण तो तुमचा आजचा निर्णय आहे. जातीचा रकाना तुमच्या श्रद्धेबद्दल विचारत नाही. आजोबांच्या वाट्याला काय आले होते ते विचारतो. लोकांनी यावर आपला मार्ग आधीच काढलेला आहे. बोलताना, लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा, ‘बौद्ध (पूर्वाश्रमीचे महार)’ असे म्हणतात. ‘पूर्वाश्रमीचे’ म्हणजे मागे सोडलेल्या आयुष्यातले. शासनाच्या शब्दापेक्षा हा शब्द कितीतरी नेमका आहे.

तेव्हा आपल्या विभागाकडे माझी मागणी अशी. योजनांच्या नावांत आणि शासन निर्णयांत यापुढे ‘अनुसूचित जाती (बौद्ध धर्मीयांसह)’ असे लिहावे. जातीच्या प्रमाणपत्रावर धर्म बौद्ध, मूळ जात यादीतल्या नावाने, आणि खाली १९५० च्या आदेशाचा १९९० च्या दुरुस्तीसह उल्लेख, एवढे पुरेसे आहे. केंद्राच्या नोकरीच्या अर्जालाही तोच कागद चालेल आणि एकाच मुलाला दोन नमुन्यांत दोन दाखले काढत सेतू केंद्रावर रांग लावावी लागणार नाही. ऑनलाइन अर्जांच्या यादीतून ‘नवबौद्ध’ हा पर्याय काढावा. शिक्षण विभागाला कळवून शाळांना लेखी सूचना द्यावी की बौद्ध पालकाच्या पाल्याच्या धर्माच्या रकान्यात त्याला न विचारता ‘हिंदू’ लिहू नये.

आणि ज्या काळजीबद्दल मी सुरुवातीला म्हटले ती ही : त्याच शासन निर्णयात स्वच्छ शब्दांत नोंदवावे की जुन्या कागदांवर जिथे ‘नवबौद्ध’ आहे, किंवा जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ आहे, किंवा धर्म ‘हिंदू’ आणि जात ‘नवबौद्ध’ अशी विसंगत नोंद आहे, तिथे केवळ त्या नोंदीवरून कोणताही दावा फेटाळता येणार नाही, आधीची सर्व प्रमाणपत्रे आणि वैधता जशीच्या तशी ग्राह्य राहतील, कुणालाही नवा दाखला काढायला भाग पाडले जाणार नाही. हा परिच्छेद नसेल तर बाकीचे काहीही करू नका, अशी माझी विनंती आहे. शब्द सुधारला आणि पोरगी प्रवेशाला मुकली, असे व्हायला नको.

शब्द बदलणे शासनाला नवीन नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने १५ मार्च २०१८ रोजी शासकीय व्यवहारात ‘दलित’ऐवजी संविधानातला ‘अनुसूचित जाती’ हा शब्द वापरावा असे कळवले. माध्यमांबाबत तसाच विचार करण्याचे निर्देश त्याच वर्षी आमच्या नागपूर खंडपीठाने दिले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय २०२० साली आपल्या राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्या वेळी पाट्या बदलल्या म्हणून कुणाचा हक्क गेला नाही.

आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे २०२७ ची जनगणना. यावेळी सर्वांच्या जातीची नोंद होणार आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते ६५ लाख, देशातल्या ८४ लाखांपैकी. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या वस्त्यांमध्ये प्रगणक दारात उभा राहील तेव्हा धर्म कोणता आणि जात कोणती हे दोन प्रश्न एकापाठोपाठ येतील, आणि हातात शासनाचाच ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला असलेला माणूस गोंधळेल. प्रगणक बहुतेक शिक्षकच असतात. त्यांच्या प्रशिक्षणात या दोन रकान्यांवर वेगळे बोलले जावे, यासाठी आपल्या विभागाने जनगणना संचालनालयाशी आजच पत्रव्यवहार सुरू करावा. बार्टीने (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेने) दोन पानांची माहितीपत्रिका काढून ती प्रत्येक समाजकल्याण कार्यालयात, वसतिगृहात आणि विहारात पोचवावी. ती मराठीत असावी आणि तिच्यात फॉर्मचा भरलेला नमुना असावा.

नागपुरात या कामासाठी वकील लागले तर माझ्यासह अनेक जण विनामोबदला बसायला तयार आहेत. जुन्या दाखल्यांचे कोणकोणते प्रकार समित्यांपुढे येतात त्याचे नमुने, नावे झाकून, मी विभागाला देऊ शकतो. येत्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी शासन निर्णय निघावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
नागपूरचा एक वकील

प्रत माहितीसाठी : महासंचालक, बार्टी, पुणे; शिक्षण उपसंचालक, नागपूर विभाग; जनगणना संचालनालय, महाराष्ट्र